जुन्या डिझेल ट्रकमधील इंधनपुरवठ्याचे दोष व त्यांचा शोध

तोडलेला ऊस जितक्या लवकर गाळला जाईल तितका चांगला, हे ऊस बागायतदारांस नव्याने सांगावयास नको. ऊस उन्हात पडून राहिला म्हणजे त्याचे वजन घटते व साखरेचा उताराही कमी होतो. शेतकऱ्यास पैसे मिळतात ते कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या वजनाचे. म्हणून भरलेला ट्रक वाटेत एक रात्र उभा राहिला तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. कांदा व भाजीपाला बाजारपेठेत नेणाऱ्या ट्रकची गोष्टही याहून निराळी नाही. सकाळचा लिलाव चुकला की माल मिळेल त्या भावाने द्यावा लागतो.

ट्रक वाटेत थांबण्याची कारणे अनेक असतात. परंतु जुन्या डिझेल ट्रकच्या बाबतीत इंजिनापर्यंत इंधन नीट न पोचणे हे नेहमी आढळणारे कारण होय. अशा वेळी पहिला आरोप बहुधा इंधन फवारणाऱ्या मोठ्या पंपावर येतो. ‘पंप गेला’ असे कोणीतरी म्हणतो; पंप उतरवून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविला जातो, त्यात काही दिवस व बरीच रक्कम खर्ची पडते, आणि पंप परत बसविल्यावर ट्रक त्याच चढावर पुन्हा दम सोडतो. कारण दोष पंपात नसतोच. तो टाकीतील नळीत, एखाद्या झिजलेल्या वायसरात, किंवा कोंदलेल्या गाळणीत असतो. म्हणून शोध नेहमी टाकीपासून सुरू करावा, इंधन ज्या वाटेने जाते त्याच वाटेने पुढे सरकावे आणि मोठ्या पंपाकडे सर्वांत शेवटी वळावे.

येथे दिलेली माहिती यांत्रिक इनलाइन पंप असलेल्या ट्रकपुरतीच आहे. जमशेदपूर येथे १९५४ पासून तयार होऊ लागलेले टाटा-मर्सिडीज ट्रक, १९६९ मध्ये तो सहकार्याचा करार संपल्यानंतरचे टाटा बनावटीचे ट्रक व अशोक लेलँडचे जुने ट्रक यांवर असेच पंप असत. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या नियमांनंतरच्या पुष्कळ गाड्यांत कॉमन रेल पद्धत असते. तेथे नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमपेक्षाही अधिक असतो. अशा गाडीची दाबाची नळी इंजिन चालू असताना सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ होय. तेथे पुढील रीती मुळीच वापरू नयेत.

इंधनाचा मार्ग

चाकाच्या बाजूस चासीला टांगलेल्या टाकीतून एक नळी निघते. ती फीड पंपापर्यंत येते. हा लहान पंप मोठ्या पंपाच्या कुशीलाच बसविलेला असून मोठ्या पंपाच्या कॅमशाफ्टवर चालतो. त्यावर हाताने दाबावयाची मूठ असते. तिला कारागीर प्रायमर म्हणतात. फीड पंपाच्या तोंडाशी बहुधा एक लहान वाटी व तिच्यात जाळी असते. फीड पंप डिझेल ओढून घेतो व ते गाळण्यांतून मोठ्या पंपाकडे ढकलतो. मोठा पंप ते अतिशय दाबाने लोखंडी नळ्यांतून नोझलकडे पाठवितो. जास्तीचे डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे जाते.

मोठ्या पंपाचे काम किती नाजूक आहे याची कल्पना एका हिशेबाने येईल. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा डिझेल फवारले जाते, म्हणजे सर्व मिळून ६,००० वेळा. भरलेला ट्रक घाट चढताना ताशी १५ लिटर डिझेल जाळीत आहे असे धरले, तर एका वेळच्या फवाऱ्याच्या वाट्यास पाण्याच्या एका थेंबाएवढेही डिझेल येत नाही. इतके अल्प माप बिनचूक मोजावे लागत असल्याने पंपाचा दट्ट्या व त्याचे बॅरल यांतील फट मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन ते चार भागांएवढीच ठेवलेली असते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. जर्मनीतील बॉश कारखान्याने १९२७ मध्ये असे पंप मोठ्या प्रमाणावर काढावयास प्रारंभ केला, तेव्हापासून डिझेल इंजिन रस्त्यावरील वाहनांत सर्रास बसविता येऊ लागले. आपल्याकडे बंगळूर येथे १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली व तिचे पंप आणि नोझल ‘मायको’ या नावाने खेडोपाडी पोचले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड असे बदलले, तरी जुन्या कारागिरांच्या तोंडी मायको हेच नाव आहे.

सांगावयाचे तात्पर्य एवढेच की, असा पंप रस्त्याच्या कडेला, धुळीत, पाना व हातोडी घेऊन उघडण्याची वस्तू नव्हे. त्याच्या अलीकडचा सर्व भाग मात्र समजदार चालकास स्वतः तपासता येतो.

हवा कोठून शिरते

डिझेल हे द्रव दाबले असता जवळजवळ आकसत नाही; म्हणूनच पंपाने दिलेला दाब नळीतून थेट नोझलपर्यंत जातो व नोझलची सुई उचलली जाते. हवा मात्र दाबली की आकसते. पंपाच्या बॅरलमध्ये हवेचा बुडबुडा आला तर दट्ट्या ती हवाच दाबीत व सोडीत राहतो, सुई उचलण्याइतका दाब तयार होत नाही, आणि इंजिन अडखळते किंवा बंद पडते. यालाच ‘गाडीने हवा धरली’ असे म्हणतात.

आता ही हवा शिरते कोठून, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथेच पुष्कळांची फसगत होते. फीड पंपाच्या पुढच्या बाजूस डिझेल ढकलले जात असते. तेथे फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकते, धूळ बसून काळा डाग पडतो व दोष डोळ्यांना दिसतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात मात्र डिझेल ओढले जात असते. तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्या भागात फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. सांधा अगदी कोरडा व स्वच्छ दिसतो. चालक सर्व नळ्यांवरून हात फिरवून ‘कोठेही गळती नाही’ असे सांगतो, आणि त्याचे म्हणणे त्याच्या परीने खरेही असते.

ओढण्याच्या बाजूस फट असल्याची एक खूण म्हणजे सकाळचा त्रास. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरून नळीतील डिझेल उताराने टाकीत परत जाते. सकाळी नळी रिकामी असते. प्रायमर वीस-पंचवीस वेळा दाबल्यावर गाडी सुरू होते व मग दिवसभर बरी चालते. हा त्रास ‘गाडीची सवय’ म्हणून महिनोन्महिने सोसला जातो. वास्तविक तो चार आण्यांच्या मोलाच्या एखाद्या वायसराचा दोष असतो.

दुसरी खूण अधिक चमत्कारिक आहे. टाकी भरलेली असताना गाडी उत्तम चालते. टाकी निम्म्यावर आली की धापा टाकू लागते. पुन्हा डिझेल भरले की पूर्ववत होते. अशा वेळी पुष्कळदा भरावयाच्या डिझेलच्या पंपावर दोष टाकला जातो. खरे कारण असे असते की, टाकीच्या तळाशी जाणारी जी उभी नळी, तिला मध्येच कोठेतरी हादऱ्यांनी तडा गेलेला असतो. तडा डिझेलमध्ये बुडालेला असेपर्यंत काही बिघडत नाही. पातळी त्याच्या खाली गेली की नळी डिझेलबरोबर हवाही ओढू लागते. ती नळी टाकीतून बाहेर काढून नखाने चाचपून पाहिल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

प्रथम काय पाहावे

पाना हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. टाकीत डिझेल आहे काय, हे काट्यावर विश्वास न ठेवता स्वच्छ काठी बुडवून पाहावे. दुसरे, इंजिन बंद करण्याची तार पूर्णपणे आत गेली आहे काय, हे पंपापाशी जाऊन त्या दांडीची हालचाल पाहून ठरवावे. जुन्या गाड्यांत ही तार गंजून अर्ध्यावर अडकते, दांडी ‘बंद’च्या जागी राहते व पंप इच्छा असूनही डिझेल देऊ शकत नाही. या एका तारेपायी दिवस दिवस घालविलेले लोक आहेत.

तिसरी गोष्ट धूर. स्टार्टर मारताना सायलेन्सरच्या तोंडाशी एका माणसास उभे करावे. इंजिन फिरते पण धुराचा मागमूस नाही, असे असल्यास डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही असे समजावे. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल पोचत आहे पण पेटत नाही. तेथे थंडी, डिझेलमधील पाणी, कमी कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग यांचा विचार करावा. चालू गाडीतही धूर बोलतो. कुंभार्ली घाटासारख्या चढणीवर गाडी ओढीत नाही व धूरही येत नाही, तर इंधन कमी पडत आहे. गाडी ओढीत नाही व काळा धूर सोडते, तर इंधन कमी नसून हवा कमी आहे किंवा नोझल ठिबकत आहे. तेव्हा प्रथम हवेची गाळणी पाहावी. या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे किती चांगले पंप विनाकारण उघडले गेले असतील याची गणती नाही.

टाकी व तिचे झाकण

फीड पंप जेवढे डिझेल ओढून घेतो तेवढी हवा टाकीत आली पाहिजे. त्यासाठी झाकणात एक बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले, अथवा हरवलेल्या झाकणाऐवजी घट्ट फडके वा प्लॅस्टिक बांधले, की टाकीत पोकळी निर्माण होते. गाडी अर्धा-पाऊण तास ठीक चालते, मग थांबते. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा सुरू होते. असा अनुभव आल्यास गाडी थांबताक्षणी झाकण सैल करावे. आत हवा शिरताना ‘सूं’ असा आवाज झाला तर दोष सापडला. छिद्र तारेने मोकळे करावे.

टाकीच्या तळाशी गंज, वाळू, पाणी व पुष्कळदा काळा बुळबुळीत गाळ असतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते खाली बसते आणि त्या दोहोंच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून हा गाळ तयार होतो. तो गाळणीवर बसला की डिझेलची वाट बंद होते. चढावर टाकी कलली व गाळ हलला की गाडी थांबते. सपाटीवर आली की चालते. अशा वेळी नुसती गाळणी बदलून भागत नाही. टाकी उतरवून आतून धुवावी.

टाकीस भोक पडल्यास वाटेत साबणाची वडी चोळून काम भागविण्याची रीत सर्वत्र आहे व ती घरापर्यंत येण्यास पुरेशी आहे. पण रिकामी टाकी तशीच वेल्डिंगला नेऊ नये. रिकाम्या टाकीतील वाफेचा स्फोट होऊन माणसे दगावतात. टाकी अनेक वेळा पाण्याने व वाफेने धुऊन, माहितगार माणसाच्या हातूनच हे काम करवून घ्यावे. त्याचप्रमाणे नळीने डिझेल तोंडाने ओढण्याची सवयही सोडून द्यावी. घोट पोटात गेला तर त्रास होतोच. पण ठसका लागून तो फुप्फुसात गेला तर प्राणावर बेतते.

डब्याची परीक्षा

दोष फीड पंपाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ठरविण्याची एक सोपी व बिनखर्ची परीक्षा आहे. जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकास ती माहीत असावी. पाच लिटरचा एक स्वच्छ डबा, गाळलेले डिझेल व डिझेलने न विरघळणारी दोन-तीन हात लांबीची पारदर्शक नळी एवढेच साहित्य लागते. टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडवून तिच्या जागी ही नळी लावावी व तिचे दुसरे टोक डब्यातील डिझेलमध्ये बुडवावे. डबा फीड पंपापेक्षा थोडा उंच, पण सायलेन्सर व गरम भागांपासून दूर, हलणार नाही असा ठेवावा. हवा काढून इंजिन सुरू करावे व पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावे. मधून मधून वेग वाढवून पाहावा.

इंजिन आता न अडखळता चालले, तर टाकी, तिचे झाकण, आतील नळी, किंवा टाकीपासून येणारी नळी व तिचे सांधे यांतच दोष आहे हे सिद्ध झाले. मोठ्या पंपाला हात लावावयाचे कारण उरले नाही. इंजिन पूर्वीप्रमाणेच अडखळले, तर टाकीकडील भाग निर्दोष समजून पुढे सरकावे. परीक्षा गाडी उभी ठेवूनच करावी. डबा केबिनमध्ये ठेवून गाडी रस्त्यावर नेणे हा अविचार होय.

हीच पारदर्शक नळी डब्याऐवजी टाकीची नळी व फीड पंप यांच्यामध्ये तात्पुरती जोडली, तर आत येणारे बुडबुडे प्रत्यक्ष दिसतात. मग ओढण्याच्या बाजूच्या एकेका सांध्यावर बाहेरून घट्ट ग्रीस थापावे. ज्या सांध्यावर ग्रीस लावताच बुडबुडे थांबतील तो सांधा दोषी. तेथील तांब्याचा वायसर नवा घालावा. नवा मिळत नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावा, म्हणजे तो मऊ होऊन पुन्हा बसतो. पोकळ बोल्ट बेसुमार आवळण्याने गळती थांबत नाही, आटे मात्र जातात.

फीड पंप व गाळण्या

फीड पंपाची पारख हाताला होते. प्रायमर वर ओढताना जड जाऊन मूठ आपोआप खाली खेचली जात असेल, तर ओढण्याची बाजू तुंबली आहे. खाली दाबताना फार जड जात असेल, तर पुढील गाळणी कोंदली आहे. दोन्हीकडे मूठ हलकी, जणू रिकामी चालत असेल, तर हवा ओढली जात आहे किंवा आतील झडपा नीट बसत नाहीत. झडपेखाली वाळूचा एक कण अडकला तरी एवढे पुरते. वाटीतील जाळी व दोन्ही झडपा काढून स्वच्छ डिझेलमध्ये धुवाव्यात. स्प्रिंग तुटलेली असल्यास बदलावी. काम झाल्यावर प्रायमरची मूठ खाली दाबून आट्यांत घट्ट बसविण्यास विसरू नये. ती उघडी राहिली तर तेथूनच हवा शिरते.

इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल व कांडीवरील ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा किंवा मोठ्या पंपाचा झिजलेला भाग डिझेल ऑइलमध्ये सोडीत आहे. असे ऑइल पातळ होऊन बेअरिंगे जाळते. गाडी तशीच हाकू नये.

गाळणीविषयी काटकसर करण्याची प्रवृत्ती फार आहे. कापडी वा नमद्याची पहिली गाळणी काही गाड्यांत धुऊन वापरता येते. कागदी गाळणी कधीही धुऊन वापरू नये. धुतलेली कागदी गाळणी वरून स्वच्छ दिसते, परंतु तिच्या घड्यांना बारीक चिरा पडतात व ज्या कणांसाठी ती बसविली तेच कण पुढे जातात. नवी गाळणी बसविताना तिच्या मधल्या भोकात डबक्यातून डिझेल ओतण्याची रीतही अशीच घातक आहे, कारण मधले भोक म्हणजे गाळून झालेली बाजू. ती प्रायमरनेच भरावी. गाळणी अर्धवट कोंदली असता रिकामी गाडी सपाटीवर तक्रार करीत नाही. तेवढ्यापुरते डिझेल झिरपत असते. माल भरून चढ लागला की मागणी वाढते व तेवढे डिझेल मिळत नाही. ‘रिकामी पळते, भरली की रडते’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय गाळणीवर घ्यावा.

दुसरा संशय परतीच्या मार्गावरील ओव्हरफ्लो व्हॉल्व्हवर घ्यावा. बोटाच्या पेराएवढा हा भाग जास्तीचे डिझेल टाकीकडे सोडतो व पंपात ठराविक दाब राखतो. त्याची स्प्रिंग मऊ पडली किंवा गोळी घाणीने उघडी राहिली, तर डिझेल मोठ्या पंपात न थांबता सरळ टाकीकडे परत जाते. लक्षणे हुबेहूब झिजलेल्या पंपासारखी दिसतात. हा व्हॉल्व्ह काढून पाहण्यास काही मिनिटे लागतात. आणि नेमका तोच कोणी काढून पाहत नाही.

हवा काढण्याची रीत

इंधनमार्ग कोठेही उघडला की हवा काढणे आवश्यक असते. आरंभी सर्व सांध्यांवरील धूळ पुसून घ्यावी. गाळणीवरील हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करून प्रायमर सावकाश दाबीत राहावे. प्रथम फेस येईल, नंतर बुडबुडे, शेवटी बुडबुड्यांविना अखंड धार. धार चालू असतानाच, मूठ दाबलेली ठेवून, स्क्रू आवळावा. दोन गाळण्या असल्यास टाकीकडील प्रथम व पंपाकडील नंतर घ्यावी. त्यानंतर मोठ्या पंपावरील स्क्रूपाशी हेच करावे. एवढ्याने गाडी सुरू न झाल्यास नोझलकडील नळ्यांचे नट अर्धा-एक फेरा सैल करून स्टार्टर मारावा व डिझेल दिसू लागताच नट आवळावेत. स्टार्टर एका वेळी १५ सेकंदांपेक्षा अधिक मारू नये. मध्ये मिनिटभर विसावा द्यावा, नाहीतर डिझेलच्या दोषात बॅटरीच्या दोषाची भर पडते.

हवा काढल्यानंतर एक-दोन दिवसांत पुन्हा हवा धरली, तर ती पुन्हा काढीत बसण्यात अर्थ नाही. फट शिल्लक आहे. तिचाच शोध घ्यावा.

नोझल व मोठा पंप

इंजिन एका लयीत न चालता ठोके चुकवीत असेल तर संथ वेगावर चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करावा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनचा आवाज तत्काळ बदलतो. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरात बसवून पाहावे. दोष नोझलबरोबर शेजारी गेला तर नोझल खराब. दोष जागीच राहिला तर पंपाची डिलिव्हरी व्हॉल्व्ह, दट्ट्या किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन पाहावे लागेल. नोझल काढताना खालचा तांब्याचा वायसर सिलिंडर हेडमध्ये राहिला नाही ना, हे पाहावे. नाहीतर दोन वायसर एकावर एक बसतात.

हे काम करताना एक धोका पूर्णपणे ध्यानी घ्यावा. नोझल उघडण्याचा दाब त्याच्या प्रकारानुसार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ते २५० किलोग्रॅम असतो. इतक्या दाबाची बारीक धार कातडीतून सरळ मांसात शिरते. म्हणून दाबाच्या नळीतील गळती बोटाने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. धार अंगात शिरल्यास जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते व प्रारंभी फारशी दुखतही नाही. परंतु आत शिरलेले डिझेल मांस नासविते, आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागतो. अशी जखम झाल्यास हळद वा मलम लावून घरी बसू नये. त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व डिझेल दाबाने शिरले आहे असे स्पष्ट सांगावे.

मोठा पंप खरोखर झिजला असल्याचे एक विशेष लक्षण आहे. थंड गाडी सुरू होते. पण तापलेली गाडी चहापुरती थांबविली की पुन्हा सुरू होत नाही, निवल्यावर होते. गरम डिझेल पातळ असते व झिजलेल्या दट्ट्याभोवतीच्या फटीतून स्टार्टरच्या मंद वेगात निसटून जाते. पंपावर ओले फडके टाकले की गाडी सुरू होते, हा चालकांचा अनुभव खरा आहे. तो पंप झिजल्याचा पुरावाच होय. मात्र तापलेल्या पंपावर एकदम थंड पाणी ओतू नये, दट्ट्या धरला जाण्याचा संभव असतो. टाकीपासून येथपर्यंतची सर्व तपासणी झाली, गाळण्या नव्या आहेत, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह ठीक आहे, हवा शिरत नाही आणि तरीही हे लक्षण कायम आहे, तेव्हाच पंप उतरवून परीक्षणयंत्र असलेल्या कार्यशाळेत पाठवावा. नोझलही सोबत पाठवावेत. उतरविण्यापूर्वी जोडावरील खुणा पाहून ठेवाव्यात व सर्व उघडी तोंडे स्वच्छ टोप्यांनी बंद करावीत.

डिझेलची साठवण व बंद हंगाम

पंप झिजतो तो मुख्यतः धुळीने, पाण्याने व भेसळीने. डिझेल हे पंपाचे इंधन आहे तसे वंगणही आहे. त्यात केरोसीन मिसळले तर वंगणाचा गुण उणावतो व दट्टे घासले जातात. शेतावर पिंपात डिझेल साठवीत असल्यास पिंप सावलीत, किंचित कलते ठेवावे व तळाचे चार बोटे डिझेल वापरात घेऊ नये. भरल्यानंतर निदान एक दिवस ते स्थिर राहू द्यावे. जस्ताचा मुलामा दिलेले पिंप डिझेलसाठी वापरू नये. जस्त व डिझेल यांच्या संयोगाने होणारी साबणासारखी घाण गाळण्या बुजविते.

हंगामात टाकी सकाळऐवजी संध्याकाळी, गाडी उभी करतानाच भरावी. टाकी रिकामी असली म्हणजे रात्रीच्या गारव्याने तिच्यातील हवेतील बाष्प पत्र्यावर जमून पाणी होते. दर आठवड्यास, पावसाळ्यात दररोज, गाडी सुरू करण्यापूर्वी टाकीचा व गाळणीचा खालचा बूच सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत काढावे व दहा मिनिटे ठेवून तळाशी पाणी दिसते काय ते पाहावे.

ऊसवाहतुकीचे ट्रक गाळप संपल्यापासून पुढील हंगामापर्यंत पुष्कळदा एकाच जागी उभे असतात, आणि टाकीतील गंज व गाळ याच काळात तयार होतो. गाडी उभी करण्यापूर्वी तळाचे पाणी काढून टाकी काठोकाठ भरावी, झाकणावर पावसाचे पाणी साचणार नाही असे आच्छादन घालावे व पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पुरेसे तापेपर्यंत चालवावे. पहिल्या खेपेपूर्वी दोन्ही गाळण्या नव्या घालून, त्या बदलल्याची तारीख व किलोमीटरचा आकडा गाळणीच्या भांड्यावरच रंगाने लिहून ठेवावा.